घड्याळजींची कवळी

माझी सून कवळ्या बनवते. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, ही पुढच्या खोलीत बसून त्यावर दात लावते. माणसाचा जुना फोटो मिळाला तर दातांची ठेवणही अगदी पूर्वीसारखी. कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं एक साधं टिपण, नुसती अक्षरं, आणि शेजारी त्याच नावाच्या फोल्डरात फोटो. एका फोटोचं नाव सगळीकडे एकच, 'हसताना'. त्यात ओठ नि दात, बाकी चेहरा नाही.

माझा मुलगा फार नीटनेटका. म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूंबाबत. "एवढी फोल्डरं कशाला पसरलीयत?" म्हणाला, आणि ही बाहेर गेल्यावर सगळे फोटो एकात ओतले. कॉम्प्युटर बिचारा दरवेळी विचारायचा, या नावाचा आहे, त्याच्या जागी हा ठेवू का? चिरंजीव दरवेळी 'हो'. बायकोला इतक्यांदा हो म्हणाला असता तर संसार सोन्याचा झाला असता. शेवटी उरला अक्षरांच्या क्रमातला शेवटचा 'हसताना'. फोल्डरचं नाव होतं 'सासूबाई'. माझी कवळीही तिनेच केलीय ना!

घाईत तोच घड्याळजींचा फोटो समजून तिने वरच्या मजल्यावरच्या घड्याळजींचे दात लावले. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "या वेळी काम परत आलं तर पुढचं दुसरीकडे देईन."

कवळी बसवून घड्याळजी बायकोसह दारात आले आणि हसले. मी चपापले. पुढचा दात शेजाऱ्यावर रेललेला, अगदी माझा!

"अगं, हे माझे दात!"

सुनेने कॉम्प्युटर उघडला, मग नवऱ्याकडे पाहिलं. "आता सगळ्या घराला एकच तोंड करून टाका, म्हणजे नीटनेटकं!"

"मी आवरत होतो गं..."

घड्याळजी आरशाशी गेले. "हे माझे नव्हेत. परत करतो." सुनेचा चेहरा उतरला.

त्यांची बायको म्हणाली, "चावता येतंय?"

"येतंय."

"टोचतंय?"

"नाही. पण माझे नव्हेत!"

"म्हणून तर बरे दिसताय, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. डॉक्टरांकडे गेलात तर मी माहेरी गेले समजा."

कवळी परत गेली नाही, सुनेचं काम टिकलं. मुलगा आता घरोघर फिरून जुने फोटो मागतो आणि ज्याचे त्याच्या फोल्डरात ठेवतो. घड्याळजी जिन्यात भेटले की आम्ही दोघं तोंड मिटून नमस्कार करतो. त्यांच्या बायकोसमोर तर मी हसतच नाही.