विदोयेच्या बॅटरीचं टोपडं

आमच्या स्येनित्सा गावात थंडी पडली की बॅटऱ्या घरात निजतात. संध्याकाळी जो तो गाडीतून बॅटरी काढतो आणि तान्ह्या मुलासारखी उराशी धरून चुलीपाशी नेऊन ठेवतो. आमचा निवृत्त पोस्टमन विदोये चौथ्या मजल्यावर राहतो आणि त्याची कंबर कामातून गेलेली. म्हणून त्याची बॅटरी तळमजल्यावर ग्वोझ्देनच्या स्वयंपाकघरात निजायची. ग्वोझ्देन त्याचा कूम, म्हणजे लग्नातला साक्षीदार आणि मुलीचा धर्मपिता. सख्ख्या भावाला कोर्टात खेचणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. कुमावर संशय घेणारा मी पाहिलेला नाही. सकाळी ग्वोझ्देनच ती गाडीत जोडून द्यायचा, वर विदोयेच्या बायकोने, स्तानिकावहिनींनी विणलेलं लोकरीचं टोपडं चढवून.

त्या रविवारी विदोयेची मुलगी यागोदा परदेशातून बाळाला घेऊन येणार होती. नातवाचं तोंड अजून कोणी पाहिलं नव्हतं. "स्टँडवर मीच येणार, माझ्या गाडीने," असं त्याने तिला फोनवर बजावून ठेवलं होतं. सकाळी किल्ली फिरवली. गाडी एकदा 'टक्' म्हणाली आणि गप्प.

झालं, अख्खी इमारत खाली उतरली.

"पेट्रोल गोठलंय."

"पेट्रोल नाही, तुझी अक्कल गोठलीय. स्टार्टर गेलाय!"

"घोटभर राकिया पाजा तिला, दारूने ऊब येईल."

"आधी मला पाजा, मग निदान सांगतो."

विदोयेने सगळ्यांना गप्प केलं आणि दिवे लावले. पिवळट, आजारी उजेड पडला. किल्ली फिरवताच तोही मावळला.

"बॅटरीच आहे," तो म्हणाला. "पण ही तर यंदा नवी घेतली. रोज माझ्यापेक्षा उबेत झोपते!"

"टोपडं काढून बघ, फुटलीबिटली असेल," मी म्हणालो.

ग्वोझ्देन लगबगीने पुढे आला. "अरे कूम, कशाला हात गारठवतोस? माझी गाडी आहे ना. मी आणतो पोरीला."

तोवर विदोयेने टोपडं उपसलं होतं. आत जुनाट बॅटरी, कडेला तडा, तडा डांबराने बुजवलेला. तो तडा गेल्या हिवाळ्यात विदोयेनेच बुजवला होता. ग्वोझ्देनच्या बॅटरीचा.

गेला आठवडाभर ग्वोझ्देनची गाडी अर्ध्या किल्लीत चालू होत होती आणि आम्ही तिचं कौतुक करत होतो.

"उन्हाळ्यात परत देणारच होतो," ग्वोझ्देन पुटपुटला.

"मागितली असतीस तर?"

"दिली असतीस."

"मग?"

"मागायची लाज वाटली रे."

पाना घेऊन विदोयेने ग्वोझ्देनच्या गाडीतली आपली बॅटरी सोडवली. आम्ही धावलो, तर म्हणाला, "कोणी हात लावू नका." कंबर धरत, थांबत थांबत त्याने दोन्ही बॅटऱ्यांची अदलाबदल केली. जुनीचे नटसुद्धा नीट आवळून दिले. मग तो गाडीत बसला. पहिल्याच किल्लीला इंजिन धडधडलं.

ग्वोझ्देनने टाय बांधलेला होता. त्याने खिडकीवर टकटक केलं.

"यागोदा विचारेल, धर्मपिता कुठाय म्हणून."

विदोयेने काच थोडीशी खाली केली.

"सांगेन," तो म्हणाला, "त्याची गाडी चालू होत नाहीये."