पाठराखिणीच्या पाच चिठ्ठ्या

आमच्या घरातून कॉलेजात सगळ्यात आधी माझी बायको गेली. तेव्हा तिचं वय अडुसष्ट होतं आणि तिला सही येत नव्हती.

ही गोष्ट खरी आहे. पण खरी गोष्ट माईकवर बोलायची नसते, हे मला पंच्याहत्तराव्या वर्षी कळलं.

आधी म्हातारीचं सांगतो. आमची नात मनीषा बारावी झाली आणि संभाजीनगरच्या एका कॉलेजात, छावणीच्या बाजूला, तिचं नाव लागलं. आमच्या पिशोरच्या घरात तोवर दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. माझं स्वतःचं शिक्षण तिसरी. (दोन वर्षं तिसरीतच होतो, म्हणजे तसं बघितलं तर चौथी!) निघायच्या आदल्या दिवशी पोरीनं रडायला सुरुवात केली. "मला तिथं कुणी वळखत नाय. मी नाय जात."

आमची गयाबाई चुलीपुढून उठली, पेटी काढली आणि तिच्यात स्वतःची दोन लुगडी भरली.

मी म्हणलं, "तू कुठं निघाली?"

"पोरगी परक्या घरी चालली. पाठराखीण नको व्हय?"

नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्यासंगं माहेरची एखादी जाणती बाई जाते, चार-पाच दिवस राहते, पोरगी रुळली की माघारी येते. ती पाठराखीण. पण ही रीत लग्नातली! मी म्हणलं, "अगं, तिथं नवरा नाय, सासू नाय. कॉलेज हाय ते!"

"मंग तर जास्तच लागती," ती म्हणली. "सासू एक असती, मास्तर धा असतेत."

म्हातारी पोरीसंगं गेली.

कॉलेजच्या गेटवर बशीरभाई म्हणून वॉचमन आहेत. आत जाणाऱ्या पाहुण्याला नाव, कारण आणि वेळ लिहून, कॉलेजचा शिक्का मारून चिठ्ठी द्यायची आणि जाताना तिच्यावर बाहेरची वेळ टाकून द्यायची, हे त्यांचं काम. त्यांनी विचारलं, "आजी, किस काम से आए?"

"शिकाय."

बशीरभाई सरळ माणूस. त्यांनी लिहिलं, 'कारण : शिक्षण'. आत दहा, बाहेर पाच. असे सलग पाच दिवस! म्हातारी शेवटच्या बाकावर नातीशेजारी बसायची. पहिल्या दिवशी सरांनी हटकलं, दुसऱ्या दिवशी त्यांनी नाद सोडला. तिसऱ्या दिवशी झाडपाल्याच्या तासाला सरांनी एक रोपटं उंच धरलं आणि विचारलं, हे काय? साठ पोरं गप्प! मागून हिचा आवाज, "घोळ हाय ती. मुगाची डाळ घालून कर, चांगली लागती." (एवढा शिकलेला माणूस, त्याला 'कर' म्हणली!) पाचव्या दिवशी मनीषाच म्हणाली, "आजी, माझ्या मैत्रिणी झाल्या. आता तू जा."

घरी आल्यावर हिनं त्या पाच चिठ्ठ्या देव्हाऱ्यात देवाच्या मागं ठेवल्या. "माझ्या शिक्षणाचे कागद हायेत. हात लावायचा नाय."

गेल्या चैतात ती गेली. त्याबद्दल मला लिहिता येत नाही, म्हणून पुढं सरकतो.

मनीषाची दोन वर्षं झाली. राहायला ती एका नात्यातल्या मावशीकडं होती. मावशीच्या पोराचं लग्न ठरलं आणि खोली गेली. तेवढ्यात कॉलेजचं पत्र आलं. ज्यांच्या घरातून कॉलेजात येणारे तेच पहिले, अशा पोरापोरींचा घरच्यांसमोर सत्कार, आणि त्यातल्या पोरींना कॉलेजच्या वसतिगृहात खोली. माझा लेक म्हणाला, "खोली भेटली तर ठीक. नाय तर शेवटचं वर्ष घरी बसून परीक्षा दे." आमच्याकडं घरी बसून परीक्षा देते म्हणलेल्या पोरीची परीक्षा होत नाही, लग्न होतं. हे पोरीला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

लेक-सून अद्रकीच्या खुरपणीत अडकलेले. म्हणून सत्काराला मी. मनीषाचा फोन आला.

"आबा, या. शाल घ्या. बसा. काही बोलू नका."

"बरं."

"टोपी नवी घ्या."

"बरं."

"आणि खरंच काही बोलू नका!"

इतकं बजावल्यावर कोणत्याही माणसाला बोलावंसं वाटणारच.

संभाजीनगरला उतरलो, शहागंजात टोपी घेतली. ती पार कानावर आली. दुकानदार म्हणाला, "चाचा, धुने के बाद बराबर बैठेगी." सत्कार एका तासावर, टोपी कधी धुणार? तशीच घातली. खिशात देव्हाऱ्यातल्या त्या पाच चिठ्ठ्या होत्या. का आणल्या? असंच. ती असती तर तिनं आणल्या असत्या.

गेटवर बशीरभाईंनी मला ओळखलं नाही, नावावरून ओळखलं. "पिशोर के? आजी नहीं आई?"

"नाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग खाली मान घालून लिहिलं, 'कारण : सत्कार. आत : अकरा.'

हॉल गच्च भरलेला. सगळी आमच्यासारखीच मंडळी, खुर्चीच्या टोकावर बसलेली. पहिलंच नाव आमचं पुकारलं. प्राचार्य मॅडमनी मला शाल घातली (टोपी शालीत गेली, ती काढायला दोघं लागले). मग कॉलेजच्या हापिसातले जोशीसाहेब खोलीच्या पत्राचं पाकीट घेऊन पुढं आले. मॅडम म्हणाल्या, "मनीषा ही यांच्या घरातून कॉलेजात आलेली पहिली व्यक्ती!" टाळ्या! आणि मॅडमनी माईक माझ्या हातात दिला. "आबा, दोन शब्द."

मॅडमच्या मागून मनीषा मान हलवत होती. नको, नको, नको. मला ते स्पष्ट दिसलं. पण दोनशे माणसांसमोर म्हातारीचा नंबर कापलेला मला सोसवेना.

"मॅडम, एक दुरुस्ती," मी म्हणलं. "पहिली ही नाय. पहिली हिची आजी."

पाकीट पोरीच्या हातात अर्धं गेलं होतं, ते जोशीसाहेबांनी अलगद माघारी घेतलं.

"अहो, अर्जावर तर आजी निरक्षर लिहिलंय!"

"ते बी खरं हाय."

"मग कॉलेजात कुठल्या?"

"ह्याच."

"काही पुरावा?"

इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. मी खिशात हात घातला! पाची चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. जोशीसाहेबांनी चष्मा वर केला, खाली केला आणि वाचलं, "गयाबाई... कारण शिक्षण... दहा ते पाच... मॅडम, शिक्का आपलाच आहे!"

तेवढ्यात चौथ्या रांगेतला एक बाप उठला. "आसं धरायचं असंल तर पहिला मी! ह्या हॉलची भिंत मी बांधली. तीन महिने इथंच व्हतो."

"मंग माझी बायको सांगा की!" मागून दुसरा. "सात वर्षं हितल्या कँटीनला भाकरी थापती!"

"हमारे अब्बा ने तो ये पंखे लगाए!"

एकेक जण उठायला लागला. कुणी टाकी साफ केलेली, कुणी मंडप घातलेला, एकाच्या म्हशी म्हणे मागच्या मैदानात चरायच्या. (म्हशी नेमक्या कितव्या पिढीत धरायच्या, ते त्यानं सांगितलं नाही.) जोशीसाहेब यादीवर बोट फिरवत राहिले. "अहो, मग या यादीत पहिला कुणीच नाही! मॅडम, पाकिटं थांबवावी लागतील. सगळीच!"

म्हणजे आधी माझ्या नातीची एक खोली जात होती. आता पुऱ्या रांगेच्या जायला लागल्या. एवढं काम मी एका वाक्यात केलं होतं!

मनीषा पुढं आली. माझ्या हातातून माईक घेतला. दोन वर्षं शहरात राहून पोरगी अगदी पुस्तकासारखी बोलायला लागली होती. पण त्या दिवशी तिच्या तोंडून पिशोर बाहेर पडलं.

"आबा, भाईर जाऊन बसा."

"अगं, पण..."

"उठा म्हणते ना! लई झालं!"

दोनशे माणसांसमोर, शाल-टोपीसकट, मी बाहेर. गेटजवळच्या बाकावर बसलो. बशीरभाईंनी न विचारता माझ्या चिठ्ठीवर वेळ टाकली. भोंगा मात्र अंगणातही लावलेला होता, त्यामुळं पुढचं सगळं ऐकू आलं.

"जोशी सर," पोरगी म्हणत होती, "माझी आजी माझी पाठराखीण होती. पाठराखीण नवरीसंगं सासरी जाते, पण लग्न तिचं लागत नसतं. मी घाबरले होते म्हणून ती आली, आणि माझी भीती गेली तशी ती गेली. या काकांनी भिंत बांधली, काकूंनी भाकरी थापल्या. तेही पोरांआधी येऊन वाट करून गेले. हजेरीला नाव मात्र आमचंच पहिलं लागलंय."

मग टाळ्या. मग मॅडमचा आवाज, "जोशी, पाकिटं वाटा."

बशीरभाई म्हणाले, "छोरी आजी पे गई है." मी म्हणलं, "माझ्यावर नाय गेली, हे बरं झालं."

थोड्या वेळानं जोशीसाहेब बाहेर आले. हातात त्या पाच चिठ्ठ्या. "आबा, विषय निघालाच आहे तर या फाइलला लावून ठेवतो."

"साहेब, तेवढं नका ठेवू."

त्यांनी चिठ्ठ्या एकावर एक नीट लावल्या, घडी घातली आणि माझ्या हातात दिल्या.

मागून मनीषा आली. पाकीट दाखवलं. "मिळाली."

"बरं झालं. पुढच्या साली पदवी देतानी बी कार्यक्रम असंल ना?"

"असतो."

"मी येऊ?"

"या," ती म्हणाली. "पण भाईर बसा."

घरी आलो आणि माझी चिठ्ठी तिच्या पाच चिठ्ठ्यांसंगं देव्हाऱ्यात ठेवली. तिच्या पाचींवर लिहिलंय, कारण शिक्षण, आत दहा, बाहेर पाच. माझ्या चिठ्ठीवर लिहिलंय, कारण सत्कार, आत अकरा, बाहेर अकरा पस्तीस. जिला सही येत नव्हती ती पाच दिवस टिकली. दोनदा तिसरी केलेला मी पस्तीस मिनिटांत नापास, आणि काढून देणारी घरातलीच!