तिला सांग, हात पुढे कर

बाईनं तांब्या उंच धरला आणि माझी ओंजळ आपोआप तयार झाली. हेच मला आजही सहन होत नाही. तिनं सांगितलं नव्हतं. कुणी दरडावलं नव्हतं. मी कमरेत वाकले, हात तोंडाशी नेले आणि वरून पडणारी धार प्यायले. मॅट्रिक पास झालेली मुलगी मी. कोपरावरून पाणी ओघळून पदर भिजला. शेजारी टेबलावर जर्मन धातूचे पेले पालथे घातले होते. ते गावातल्या बाकीच्यांसाठी.

बाई साता समुद्रापलीकडून मिशनच्या सेवेला आली होती, बिनपगारी, स्वखुशीनं. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कलेक्टर जवळ आला म्हणून लोक खूश होते. पाणी मात्र होतं तिथंच लांब राहिलं. शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या गावात तलावाचं दुष्काळी काम निघालं. माती वाहणाऱ्यांना पाणी पाजायचं बाईनं अंगावर घेतलं. मी नांदेडच्या वसतिगृहात शिकलेली, मोडकंतोडकं इंग्रजी येणारी. म्हणून तिची दुभाषी झाले.

आल्या आल्या ती आमच्या बौद्ध वस्तीत, आमच्या घरी आली होती. मायच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली. आमच्या रांजणातलं पाणी आमच्याच पेल्यानं प्याली. मला वाटलं, एक तरी माणूस असं भेटलं, ज्याला आमची जात ठाऊकच नाही. तिच्या त्या अडाणीपणात मी फार सुखात होते.

पण ती राहायची पाटलांकडे. कामावरच्या ड्रममधलं पाणीही पाटलांच्याच विहिरीचं. या लोकांना पाणी वरून द्यायचं, असं पाटलीणबाईंनी तिला खुणांनी शिकवलं. बाईला वाटलं, ही मान द्यायची रीत. "तुम्ही दोन्ही हातांनी घेता, किती सुंदर!" ती मला म्हणाली. मी हसले. खरं सांगितलं असतं तर आम्हाला काय समजतात, तेही सांगावं लागलं असतं. लाज वाटायला हवी होती दुसऱ्यांना, आणि वाटत होती मला.

माय त्याच कामावर टोपली वाहायची. आपलं पाणी घरून मडक्यात आणायची. एके दिवशी ते मडकं फुटलं. दुपारी ती ड्रमपाशी आली, टेबलावरचा पेला उचलला आणि पुढं धरला.

"ए म्हातारे, पेला ठिव!" मुकादम ओरडला.

बाई हसतमुखानं तांब्या उचलून उभी. मला इंग्रजीत म्हणाली, "तिला सांग, हात पुढे कर."

दीक्षा घेतली तेव्हापासून मायनं कुणापुढं ओंजळ धरली नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती बाईकडं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"काय म्हनायली गं ती?"

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. माझ्याच मायला सांगायचं वाक्य. शरमेनं कान तापले.

"न्हाई सांगत," मी म्हणाले. मग बाईकडं वळले आणि मोडक्या इंग्रजीत सगळं ओकले. हा मान नाही. आमचा हात लागला तर पेला बाटतो, म्हणून ही धार. ही माझी आई. तू आमच्या घरी ज्या पेल्यानं प्यालीस, तोही बाटलेलाच होता.

बाई लालबुंद झाली. तिचे डोळे भरले. माझा हात घट्ट धरला. पेला मात्र भरला नाही. मुकादमाकडं बघून हळूच म्हणाली, "मला माहीत नव्हतं. पण विहीर त्यांची आहे. जरा दमानं घेऊ. आज तेवढं तिला हातानं पिऊ दे."

तिच्या डोळ्यांतलं पाणी खरं होतं. पण मायला ते प्यायच्या कामाचं नव्हतं.

मी मायच्या हातातला पेला घेतला, ड्रममध्ये बुडवला आणि तिला दिला. ती सावकाश प्याली, सगळ्यांदेखत. मुकादमानं अख्खा ड्रम मातीत आडवा केला.

दुसऱ्या दिवशी पाटलांची पाण्याची गाडी आली नाही. वस्तीतल्या बाया लांबून घागरी आणू लागल्या, आणि शिव्या मला घालू लागल्या. वस्तीतले एक म्हातारे आबा म्हणाले, "पान्यात राहून माशासंगं वैर करू नये, पोरी."

"आबा, पानी हाय कुठं?" मी म्हणाले. कुणी हसलं नाही.

बाई मला परत बोलवायला आली. मी मायच्या शेजारी टोपली उचलत होते, ती खाली ठेवली नाही. त्या दिवसापासून मी ओंजळीनं पाणी पीत नाही. नळ असो, नदी असो, कुणी मायेनं धरलेला तांब्या असो. हे हात आता आपोआप जुळत नाहीत. पेला द्या. नसेल द्यायचा, तर माझी तहान माझी मी बघेन.