देवाच्या डब्यातला वास

थानसियामीच्या चुलीशेजारी पत्र्याचा एक डबा होता आणि त्या डब्याचा तिला गर्व होता. हा गर्व आहे असं कुणी तोंडावर म्हटलं असतं, तर तिने त्याला चर्चच्या पायऱ्यांवरून खाली ढकलायला कमी केलं नसतं. मिझोरामच्या त्या डोंगरगावात असा डबा घराघरात असतो. भातासाठी तांदूळ काढला की त्यातली एक मूठ बाई आधी देवाच्या डब्यात टाकते आणि मग उरलेला धुते. दर शनिवारी महिला मंडळाच्या बाया हा साठलेला तांदूळ घरोघर गोळा करतात, चर्च तो स्वस्तात विकतं आणि त्या पैशावर दूरच्या गावांतल्या प्रचारकांच्या चुली पेटतात. थानसियामी या मंडळाची प्रमुख. लग्न होऊन आल्यापासून तिची एक मूठ चुकली नव्हती. बाळंतपणात तर तिने अंथरुणावरून सासूला ओरडून आठवण करून दिली होती. हे गावाला कसं ठाऊक? तीच सांगायची, विचारलं नाही तरी.

गोळा करायला ती रेमपुईला बरोबर घेई. रेमपुई गावात नवी सून, तोंडातून शब्द काढायला कष्ट पडावेत इतकी अबोल. टोपलीचा पट्टा कपाळाला लावून ती मागून चालायची आणि पुढे थानसियामीचं तोंड चालायचं.

"काय गं, मूठ आहे की चिमूट? नवरा एवढा आडवा वाढलाय तुझा, देवालाच तेवढा उपास होय?"

बाया हसायच्या, लाजायच्या आणि पुढच्या शनिवारी डबा भरून ठेवायच्या.

त्या हिवाळ्यात मात्र कुरकुर सुरू झाली. चर्चच्या तांदळाला रॉकेलचा वास येतो म्हणून. आणि रेमपुईच्या नवऱ्याचं दुकान रॉकेलचं. मग आणखी काय हवं? दुकानात रॉकेलला हात लावते आणि त्याच हाताने मूठ टाकते, असं बायांनी परस्पर ठरवूनही टाकलं. थानसियामी म्हणाली, "थांबा, मी बोलते तिच्याशी." बोलली तीही कशी, तर भर रस्त्यात, त्या पोरीच्या पाठीवर टोपली असताना.

"पोरी, देवाला देताना हात तरी धुवावेत."

रेमपुईने मान खाली घातली. "हो, पी," एवढंच म्हणाली. वडीलधाऱ्या बाईला पी म्हणतात आणि पीला उलट बोलत नाहीत. थानसियामीला वाटलं, कबुली मिळाली.

तरी वास जाईना. तेव्हा मंगळवारच्या बैठकीत ठरवायचं झालं की रेमपुईच्या घरचा तांदूळ घेणं काही दिवस बंद करावं. बोलायला सोपं आहे. पण ज्या दारापुढून देवाची टोपली न थांबता पुढे जाते, त्या घरातल्या बाईने गावात तोंड कसं दाखवायचं?

त्याच मंगळवारी थानसियामी आजारी पी खुमीला बघायला गेली. खुमी विधवा, एकटी, अंगात ताप आणि जिभेला धार. उन्हं कलली होती, जेवायची वेळ झाली होती. खुमीने तिला उठू दिलं नाही. भात, मोहरीचा उकडलेला पाला आणि कुटलेली मिरची पुढे ठेवली. प्रार्थना झाली. थानसियामीने पहिला घास घेतला आणि तो तोंडातच फिरायला लागला.

"खा गं, तोंड का वाकडं करतेस?" खुमी म्हणाली. "चर्चचाच तांदूळ आहे. मला परवडतो तो हाच. उन्हात घातला की अर्धा वास जातो, उरलेला मी मिरचीखाली लपवते." आणि ती खोकत खोकत हसली. "असेल कुण्या आळशीची मूठ. देव थोडाच तक्रार करायला येतोय!"

वास नुसत्या रॉकेलचा नव्हता. खाली कोंड्याचा आंबूसपणा होता. घरात राहून नाकाला जो कळला नव्हता, तो दुसऱ्याच्या ताटात थानसियामीला लख्ख कळला. तिच्या मागच्या दाराशी एक पिंप होतं. पूर्वी त्यात रॉकेल असायचं, आता डुकरांसाठी रेशनचा जाडा, कोंडा राहिलेला तांदूळ. घरच्यांचा तांदूळ चंफाईच्या खोऱ्यातला, चांगला, तो आतल्या खोलीत. एकदा सुगीला पाहुणे आले, घाई होती, तेव्हा तिने देवाची मूठ हाताशी असलेल्या पिंपातून घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली. मग तेच वळण पडलं. मूठ चुकत नव्हती ना, झालं तर.

तिला लाज वाटली. आपण चांगला खाल्ला, डुकरांचा देवाला दिला, देवाच्या नावाने तो या म्हातारीच्या ताटात आला, आणि वर आपणच त्या पोरीला हात धुवायला सांगितले. तिने ताटातलं शीत न् शीत संपवलं. खुमी वाढत होती आणि ती नको म्हणू शकत नव्हती.

बैठकीसाठी चर्चकडे जाताना मनाने वाट काढलीच. आजपासून चांगला तांदूळ टाकावा. वास आपोआप जाईल, कुणाला काही कळायचं नाही. पण मग बाया म्हणतील, बघा, रेमपुई हात धुवायला लागली. तो डाग त्या पोरीला जन्मभर पुरला असता.

बैठकीत रेमपुईचा विषय निघाला. ती शेवटच्या बाकावर बसली होती. थानसियामी उठली.

"तो तांदूळ माझ्या घरचा आहे."

मंडळाची चिटणीस हात जोडून म्हणाली, "पी, केवढं मन तुमचं! पोरीची लाज राखायला स्वतःवर घेताय." बायांनी माना डोलावल्या. कुणीतरी डोळे पुसले आणि अशी वडीलधारी दिल्याबद्दल देवाचे आभार मानणारी प्रार्थनाही सुरू केली.

आता फक्त खाली बसायचं बाकी होतं. बाक मागेच होता. थानसियामीला बसावंसं वाटलं, फार वाटलं, आणि तसं वाटल्याचीच तिला शिसारी आली. प्रार्थना अर्धी असताना ती बाहेर पडली आणि घरून डबा घेऊन आली.

"हुंगा," ती म्हणाली. "डुकरांच्या पिंपातला आहे. आम्ही घरी चंफाईचा खातो."

डबा बाकाबाकांवरून सरकत गेला. एकेक बाई वाकायची, ताठ व्हायची आणि शेजारणीकडे न बघता पुढे द्यायची. रेमपुईने तो घेतला आणि न वाकताच पुढे केला.

"हुंग की गं," थानसियामी म्हणाली.

"कशाला, पी? तुमच्या दारातून निघालं की टोपलीला वास यायचा. मला पहिल्यापासून माहीत होतं."

"मग मी हात धुवायला सांगितलं तेव्हा बोलली का नाहीस?"

रेमपुईने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघितलं.

"आत्ता तुम्ही स्वतः सांगितलंत, तरी कुणी खरं मानलं का?" ती म्हणाली. "माझं कोण मानणार होतं?"

थानसियामी सगळ्यांपुढे उभी होती आणि तिला बसा म्हणायचं कुणाच्याही ध्यानात आलं नाही.