आमच्या चेअरमनबाईंचे कान

दुष्काळात आमच्या डेअरीतलं दूध आटलं, किस्से काही आटले नाहीत! अर्धे रिकामे कॅन गाडीत चढायचे आणि मागं राहिलेली माणसं पोट धरून हसत घरी जायची. अजूनही चार जण बसले की कुणीतरी म्हणतंच, "सचिव, ताईंचा तो किस्सा सांगा की!" मी विचारतो, "कोणता?" तर चौघांच्या तोंडातून चार वेगळे निघतात.

मी त्या संस्थेचा सचिव. बीड जिल्ह्यात उमापूरच्या पुढं आमचं गाव आणि गावात आमची दूध उत्पादक सहकारी संस्था. ताई म्हणजे विमलताई साळवे. आमच्या चेअरमन.

ताईंना आवाज सोसत नाही. नुसता मोठा आवाज असं नव्हे. ट्यूबलाइटची गुणगुण, फरशीवरून ओढलेली खुर्ची, डब्याचं घासत उघडलेलं झाकण. आवाजच कशाला, कुणाचं भडक अत्तर, मानेला टोचणारे जरीचे काठ, हेही तसंच. यातलं एखादं आलं तर दात आवळून काढतात. दोन-तीन एकदम आले की चेहरा पांढरा पडतो आणि तोंडातून शब्द फुटत नाही.

त्या स्वतः सांगतात, "तुमच्या कानाला दार हाय. माझ्या कानाला नुसती चौकट हाय!"

*

ताई नवीन सभासद झाल्या तेव्हाची गोष्ट. सकाळी दूध घालायला सगळे आत गर्दी करायचे, आणि ताई आपली किटली घेऊन बाहेर लिंबाखाली उभ्या. सगळे गेले की मग आत यायच्या.

आमचे दगडूबा हे पाहत होते. दगडूबा म्हणजे संस्थेचे सगळ्यात जुने सभासद, मोठी शेती, मोठी मिशी. साळव्यांचं घर बौद्धांचं. त्यांच्या आज्या-पणज्यांना गावानं कसं बाहेर उभं केलं, हे दगडूबांनी लहानपणी डोळ्यांनी बघितलेलं. म्हाताऱ्याच्या मनाला ते लागलं.

एका सकाळी ते भरल्या गर्दीतून बाहेर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरी, आत ये. ते दिवस गेले आता. हितं कुणी कुणाला भाईर हुबं करीत न्हाई."

मापाचं भांडं माझ्या हातात तसंच राहिलं.

ताई म्हणाल्या, "बाबा, ते दिवस गेले म्हणूनच तर मी माझ्या मर्जीनं भाईर हुबी हाय! आत तुमचे कॅन लई वाजत्यात!"

दगडूबा असे हसले, असे हसले, की खोकला लागला. दुसऱ्या दिवशी येताना ट्रॅक्टरची जुनी ट्यूब घेऊन आले. ती फाडून, जिथं कॅन आदळायचे तिथं स्वतः अंथरली. कॅनचा खणखणाट बंद!

पहिले काही दिवस आम्हाला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, की आपण इतकी वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो, ओरडत होतो.

*

ताईंचे मालक प्रकाशराव. शाळामास्तर, स्वभावानं गरीब. त्यांनी एकदा ताईंना बीडला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. कानाला यंत्र लावलं, बारीक-बारीक शिट्ट्या ऐकवल्या. ताईंनी एकूण एक शिट्टी ओळखली.

डॉक्टर म्हणाले, "कान एकदम उत्तम आहेत."

प्रकाशराव म्हणाले, "मग तरास कावून होतो?"

ताई म्हणाल्या, "उत्तम हाईत म्हणूनच!"

डॉक्टर हसले, पण माणूस चांगला. त्यांनी नीट बसवून समजावलं. दोष कानात नाही. आपलं डोकं नको ते आवाज आपोआप बाजूला सारतं, यांच्या डोक्यात सगळे एकदम घुसतात. याला सेन्सरी ओव्हरलोड म्हणतात, आणि हे नाटक नव्हे, खरंखुरं आहे.

प्रकाशरावांनी तो शब्द डेअरीत येऊन सांगितला. 'सेन्सरी' कुणाला कळलं नाही, पण 'ओव्हरलोड' सगळ्यांना कळलं. आमच्याकडं ओव्हरलोड म्हटलं की उसाची ट्रॉलीच डोळ्यांपुढं येते!

दगडूबांनी विचारलं, "मंजी पोरीच्या डोक्यात माल जास्ती भरतो?"

"तसंच समजा," प्रकाशराव म्हणाले.

"मग त्यात लाजायचं काय? रिकाम्या ट्रॉलीला कुणी ओव्हरलोड म्हणतं का बे?"

*

संस्थेची निवडणूक लागली आणि आम्ही ताईंना पॅनेलप्रमुख केलं. समोरच्या पॅनेलनं जीपवर चार भोंगे बांधले. दिवसभर गाणी, घोषणा, मध्येच माइकची कुंईऽऽ! आमची पोरं म्हणाली, "ताई, आपण सहा भोंगे बांधू."

"बांधा," ताई म्हणाल्या. "पण मग उमेदवार दुसरा बघा."

ते साल पाण्याचं वाईट होतं. टँकर यायचा तेव्हा अर्धं गाव रांगेत. ताई स्वतःची घागर घेऊन त्या रांगेत बसायच्या आणि शेजारणीशी बोलावं तसं हळू बोलायच्या. डेअरीत दुधाचा फॅट कसा लागतो आणि त्यावर भाव कसा ठरतो, पशुखाद्य कुठून आणता येईल, दुधाची गाडी वेळेत का येत नाही. आवाज इतका बारीक, की ऐकायला बाया सरकत-सरकत जवळ यायच्या. मागच्या म्हणायच्या, "गप बसा गं! चेअरमन काय म्हणती ऐकू दे!" अजून निवडणूकच झाली नव्हती, पण बायांनी निकाल लावून टाकला होता!

शेवटच्या दिवशी भोंग्याची जीप रांगेशेजारनं गेली. एका म्हातारीनं कानावर पदर ओढला आणि म्हणाली, "हा रोज काय वरडतो ते मला आजून कळलं न्हाई. विमल काय म्हणली ते मी घरी जाऊन चौघींना सांगितलं."

आमचं पॅनेल निवडून आलं. ताई चेअरमन झाल्या. आता गुलाल आला, फटाक्यांची माळ आली. ताईंनी फटाके परत पाठवले. गुलालाचं काय करायचं? तो नाकात गेला तर दिवसभर डोकं धरायचं. त्यांनी नवऱ्याकडं बोट दाखवलं, "हे घ्या. सगळा हितं टाका!"

प्रकाशराव टाचेपासून टाळूपर्यंत लाल! कुणीतरी फोटो काढला आणि आमच्या भागातल्या एका साप्ताहिकानं तोच छापला. खाली ओळ होती, 'नूतन चेअरमन'.

पहिल्याच बैठकीला एका संचालकानं तो अंक टेबलावर ठेवला आणि मिशीत हसत म्हणाला, "मग आता कारभार कुणाचा समजायचा?"

ताईंनी इतिवृत्त पुढं ओढलं, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाल्या, "फोटो त्यांचा. सही माझी!"

*

टाळ्यांचा प्रश्न होता. वार्षिक सभेत शे-दीडशे माणसं पत्र्याच्या शेडमध्ये बसायची. ठराव पास झाला की टाळ्या. पत्र्याखाली टाळी म्हणजे दगडफेकच! ताई माइक न घेता विषय मांडायच्या, पण टाळ्या झाल्या की पुढचा विषय त्यांना सुधरायचा नाही.

मग कुणीतरी काढलं, की टाळ्या नको, गड्यांनी उपरणं फिरवायचं आणि बायांनी पदर हलवायचा. पोरांना तर खेळच मिळाला.

त्या वर्षी सहकार खात्याचे एक नवे साहेब सभेला आले होते. ठराव वाचून झाला. ताई म्हणाल्या, "मंजूर?" आणि एकाएकी शेडभर उपरणी गरागरा फिरायला लागली! कुणी तोंडातून आवाज काढीना.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले, डोक्यावर फाइल धरली आणि मला कुजबुजले, "सचिव, मोहोळ उठलं का?"

मी म्हटलं, "न्हाई साहेब. ठराव मंजूर झाला."

*

दुष्काळ वाढला तेव्हा संस्थेनं माळावर चारा छावणी काढली. पंचक्रोशीतली जनावरं आली. ताई सकाळपासून तिथंच. वैरण वाटप, पाणी, आजारी जनावरं, सगळं त्याच बघायच्या. आम्ही म्हणायचो, ताई, तुम्ही घरी थांबा, इथला कालवा तुम्हाला झेपायचा नाही. तर म्हणायच्या, "जनावरांना झेपतो का, त्यांना कुणी विचारलं?"

एका दुपारी मात्र सगळंच एकदम आलं. एकीकडं पत्रे ठोकणं चालू, दुसरीकडं जनरेटर, मध्ये भुकेली जनावरं हंबरतायत, आणि टँकरवाला हॉर्नवरचा हात काढीना. ताई बोलता-बोलता थांबल्या. कडब्याच्या गंजीमागं गेल्या, खाली बसल्या, दोन्ही कान दाबले, डोळे मिटले आणि पुढं-मागं डुलायला लागल्या.

एका बाईनं बघितलं आणि ओरडली, "अगं बया! ताईंच्या अंगात आलं!"

झालं! कुणी हळद-कुंकू आणायला पळालं, कुणी लिंबू. निम्मी छावणी हात जोडून उभी. मी गर्दीतून पुढं घुसतोय, तेवढ्यात त्या बाईनं विचारलंसुद्धा, "आई, काय पायजे तुला? बोल."

ताईंनी डोळे न उघडता, दातावर दात धरून दोनच शब्द काढले, "जनरेटर... बंद..."

बाई गोंधळली. दगडूबांकडं वळून म्हणाली, "आबा, ही कोणती देवी म्हणायची?"

दगडूबा कडाडले, "कोणती का असंना! आधी जनरेटर बंद करा!"

जनरेटर बंद झाला, ठोकणं थांबलं. बऱ्याच वेळानं ताई उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा वैरण वाटायला उभ्या राहिल्या. तेव्हापासून दुपारी थोडा वेळ छावणीत सगळं बंद ठेवायचं ठरलं. त्या वेळात जनावरं निवांत बसून रवंथ करायची. माणसंसुद्धा!

*

जयंतीच्या मिरवणुकीला डीजे असतोच. पोरं ताईंकडं आली, "ताई, तुमच्यासाठी औंदा आवाज बारीक ठेवतो."

ताई म्हणाल्या, "बाबासाहेबांच्या जयंतीला माझ्यामुळं कुणी बारीक व्हायचं न्हाई. मी माझं बघते."

त्यांनी निळा झेंडा घेतला आणि डीजेच्या पुढं चालायला लागल्या. आवाज नको म्हणून जरा पुढं, अजून जरा पुढं. शेवटी मिरवणूक वेशीत आणि ताई एकट्याच चावडीपाशी!

तिथं सरबत वाटणाऱ्यांनी विचारलं, "ताई, मिरवणूक कुठंय?"

ताई म्हणाल्या, "येतीय मागनं. पुढं कुणीतरी पायजे न्हाई का!"

*

आणि आता शिरूरच्या पोरीचा किस्सा.

शिरूर कासारकडची एक म्हातारी आमच्या गावात लेकीकडं आली होती. सोबत नात, राणी, पहिलीतली. राणीचे आई-बाप ऊसतोडीला गेलेले. पोरगी शाळेची घंटा झाली की कान झाकून पळत सुटायची, गर्दीत जमिनीवर लोळायची, नवा फ्रॉक घातला की काढून फेकायची. शाळेतून सांगणं आलं होतं, की हिला काही दिवस घरीच ठेवा. गल्लीतली पोरं तिला येडी म्हणायची. म्हातारीनं अंगारे केले, धुपारे केले. मग लेकीनं सांगितलं, "आमच्या डेअरीतल्या चेअरमनबाईला दाखव. तिला पण असलंच कायतरी हाय."

म्हातारी नातीला घेऊन ऑफिसात आली. मी तिथंच होतो. पोरगी मान वर करीना. म्हातारी सांगायला लागली आणि सांगता-सांगता रडायला लागली, "बाई, ही कुणाशी बोलत न्हाई. हिच्या आईला मी काय तोंड दाखवू? हिचं पुढं कसं व्हायचं?"

तेवढ्यात मागच्या अंगणात कुणीतरी कडबाकुट्टीचं मशीन चालू केलं. घर्रर्र! राणीनं झटक्यात दोन्ही कान झाकले आणि टेबलाखाली घुसली.

म्हातारी ओशाळली. तिला ओढून काढायला वाकली, आणि वर बघते तर चेअरमनची खुर्ची रिकामी! ताईसुद्धा टेबलाखाली, दोन्ही कान झाकून.

मी पळत जाऊन कडबाकुट्टी बंद करायला लावली. परत आलो तर दोघी तशाच बसलेल्या. ताईंनी आम्हाला हातानंच बाहेर जायची खूण केली. म्हातारी आणि मी दाराबाहेर उभे.

मग आतून पोरीचा बारीक आवाज आला, "तुझे पण कान दुखत्यात?"

"लई."

"तुला समदे येडी म्हणत्यात?"

"न्हाई."

"मग काय म्हणत्यात?"

"चेअरमन म्हणत्यात."

मग राणी टेबलाखालून निघाली, फ्रॉक झटकला, दाराशी आली आणि म्हातारीचं बोट धरलं.

म्हातारीनं घाबरत-घाबरत विचारलं, "काय म्हणल्या गं बाई?"

राणी म्हणाली, "आजे, मी पण चेअरमन हाय."