आधी मुली बसतील

एखाद्या कॉलेजनं तुम्हाला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं, तुमची गाडी पोर्चमध्ये येऊन थांबली आणि दारात ओवाळायला ताट घेतलेल्या मुली नसल्या, तर तुम्ही गाडीतून उतराल का? लगेच 'हो' म्हणू नका. न उतरलेले एक मोठे साहेब मी पाहिले आहेत. काच वर, एसी चालू, नजर मोबाईलमध्ये... आणि इकडे आमचं अख्खं विद्यापीठ घामाघूम. तो दिवस जिनं घडवून आणला ती माझी आत्या, डॉ. शालिनी निखाडे. तिला जाऊन आता दीड महिना होत आला.

बाबांचा फोन आला तेव्हा मी नागपुरात कामावर होते. बाबा कामाच्या वेळी कधी फोन करत नाहीत. "कुठं हायेस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ऑफिसात, काय झालं? "खाली बस पहिले." मी बसले. "शालू गेली वं. चहा ठेवला होता सकाळी, तिथंच ओट्यापाशी..." जन्मभर कारखान्याच्या गेटवर उभं राहून भाषणं दिलेला माणूस एक वाक्य पुरं करू शकला नाही, तेव्हा मला खरं वाटलं.

आजोबा वर्ध्याकडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात क्लार्क म्हणून आले आणि सेक्टर 2 च्या क्वार्टरमध्ये बाबा आणि आत्या वाढले. बाबा युनियनमध्ये गेले, आत्या धातुशास्त्रात. आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे असायचे, मी अक्षरं त्यांच्यावरूनच शिकले. आत्याच्या भिलाईतल्याच मरोद्याच्या घरी मात्र तुटलेल्या वस्तू असायच्या. नळाची मूठ, कुकरचं हँडल, स्कूटीचा स्टँड, काही तुटलं की ती फेकू द्यायची नाही. खिडकीपाशी नेऊन तुटलेली कड उजेडात धरायची आणि म्हणायची, "तुटलं कुठं ते कोनीबी सांगंल. चीर कुठून सुरू झाली ते पाय." आम्हाला तेव्हा हा तिचा एक वेडेपणा वाटायचा.

आत्या शिकवायची त्याच विद्यापीठात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना महिला कक्ष तिच्याकडे आला. आला म्हणजे कुणालाच नको होता म्हणून आला. तोवर महिला कक्ष म्हणजे रांगोळी स्पर्धा, मेंदी स्पर्धा, हिमोग्लोबिनवर एक व्याख्यान आणि महिला दिनाला प्रत्येकीला एक गुलाब. महिला दिनाच्या त्या आठवड्यात कामाची गोष्ट एकच व्हायची. औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या खाजगी फाउंड्रीचे, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याचे, साहेब येऊन ट्रेनिंगबद्दल बोलायचे. त्यांचं नाव लिहीत नाही, तसे साहेब गावोगाव आहेत. भाषण झालं की काही विद्यार्थी स्टेजपाशी जाऊन त्यांना प्रश्न विचारायचे, आणि पुढं ट्रेनिंगचं बोलावणं त्यांच्यातल्याच काहींना यायचं. हे विद्यार्थी म्हणजे सगळे मुलगे. महिला दिनाचा कार्यक्रम, आणि सभागृहात मुली नाहीत! आत्यानं पहिल्या वर्षी काही बदललं नाही, फक्त पाहिलं. कार्यक्रम संपल्यावर सभागृहाच्या मागं गेली तर तिच्याच वर्गातली पूर्णिमा साहू प्लेटांमध्ये समोसे लावत होती. जवळच्या कुरुद गावाहून येणारी, वर्गात पहिली, आवाज गोड. त्या आवाजापायी प्रत्येक कार्यक्रमाला स्वागतगीत तिचंच, म्हणून साडी तिचीच, म्हणून ताटही तिचंच.

"साहब ने क्या बोला अंदर?" आत्यानं विचारलं.

"पता नहीं मॅडम, हम तो नाश्ता लगा रहे थे," पूर्णिमा म्हणाली, आणि हळू आवाजात पुढं, "चश्मा नया है उनका. तिलक लगाते समय देखा."

संध्याकाळी आत्याच्या व्हरांड्यात आमचं भांडण झालं. मी पेटले होते. पत्रक काढू या म्हटलं, मथळासुद्धा तयार होता. तिनं शांतपणे शेंगा सोलत विचारलं, "वाचंल कोन?" मी म्हटलं, मुली वाचतील. "मुली समोसे वाढून राहिल्या हायेत, बाई. तुह्या पत्रकाले खुर्ची लागत नाई, भिताडावर बी चालते. पूर्णिमाले खुर्ची लागते. पहिले ते पाहू." मला ते फार किरकोळ वाटलं. एवढ्या मोठ्या अन्यायावर उत्तर काय, तर खुर्ची? पण चीर कुठून सुरू झाली ते तिला सापडलं होतं. ती दारातून सुरू झाली होती.

पुढच्या वर्षी तिनं एकच नियम केला. आधी मुली बसतील, मग कार्यक्रम. ताट नाही, स्वागतगीत नाही, नाश्ता कँटीनवाला लावेल. रजिस्ट्रार सरांना तिनं हे आधी सांगितलं होतं, त्यांनी हसून मान डोलावली होती. त्यांना वाटलं असेल, बाई बोलतात, करतील थोड्याच. पूर्णिमाचं शेवटचं वर्ष होतं. तिच्या वडिलांनी घरी स्वच्छ सांगून ठेवलं होतं : फाउंड्रीचं ट्रेनिंग मिळालं तर ठीक, नाही तर दुर्गला बी.एड. मुलगी शाळेत शोभते, लोखंडात नाही. तेव्हा त्या सकाळी पहिल्या रांगेत, ओतकामाच्या साच्याच्या वाळूवर केलेल्या प्रोजेक्टची फाईल छातीशी धरून बसलेल्या त्या मुलीचं सगळं पुढचं आयुष्य एका माणसाशी होणाऱ्या चार वाक्यांवर टांगलेलं होतं.

आणि तो माणूस गाडीतून उतरेना. पोर्चमध्ये आत्या एकटी उभी होती. ती नमस्कार करून म्हणाली, "आइए सर, सब आपकी राह देख रहे हैं." साहेबांनी काच बोटभर खाली केली, तिच्या मागं रिकाम्या दाराकडे पाहिलं आणि काच पुन्हा वर गेली. रजिस्ट्रार सर धावत सभागृहात आले. मी मागच्या दाराशी भिंतीला टेकून उभी होते, तिथून पोर्चही दिसत होता; मला त्यांची पाठ भिजलेली दिसली. "दो लड़कियाँ बाहर आओ, जल्दी! पूर्णिमा, तुम चलो. थाली ऑफिस में रखी है." म्हणजे ताट त्यांनी गुपचूप तयार ठेवलंच होतं. पूर्णिमा उठून उभी राहिली. मागच्या मुलग्यांमधून कुणीतरी म्हणालं, "जा ना यार, दो मिनट का काम है, हमारा भी ट्रेनिंग डुबाएगी क्या!" हशा पिकला, पण तो भेदरलेला हशा होता. आत्या दारात येऊन उभी राहिली होती. पूर्णिमानं तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता आत्या म्हणणार, बस खाली! मी असते तर ओरडले असते. आत्या एवढंच म्हणाली, "तुम्हारा साल है, बेटा. तुम देखो."

तिनं हातातली फाईल सावरली. मग पूर्णिमा म्हणाली, "सर, मुझे साहब से कुछ पूछना है. थाली पकड़ के कैसे पूछूँगी?" आणि बसली.

शेवटी बुके घेऊन रजिस्ट्रार सर स्वतःच गेले. साहेब आले, स्टेजवर बसले आणि पहिलंच वाक्य बोलले, "लगता है यहाँ संस्कार का सिलेबस बदल गया है." मुलगे हसले. भाषण नेहमीच्या निम्मंही झालं नाही. प्रश्न विचारा असं कुणी म्हणायच्या आत पूर्णिमा उभी होती. "सर, ट्रेनिंग में लड़कियों को भट्टी पर भेजते हैं, या ऑफिस में बिठा देते हैं?" साहेब म्हणाले, बेटा, तिथं फार गरम असतं. "सर, मैं भिलाई में पैदा हुई हूँ." या वेळी सगळं सभागृह हसलं, मुलगेसुद्धा. एकटे साहेब हसले नाहीत. चहा न घेता गेले.

त्या वर्षी आमच्या विद्यापीठातून कुणालाच बोलावणं आलं नाही. मुलींना नाही आणि मुलग्यांनाही नाही. महिला कक्ष आत्याकडून काढून घेतला. मुलगे तिच्याशी बोलेनात. एका दुपारी तिच्या स्कूटीच्या सीटवर कुणीतरी ताट ठेवलं होतं, हळदकुंकू, विझलेलं निरांजन, सगळं यथासांग. आत्यानं ते उचललं, स्टाफरूमच्या सिंकमध्ये घासून धुतलं आणि त्यात स्वतःचा डबा काढून जेवली. पण कुरुदला पूर्णिमाच्या घरी जायची वेळ आली तेव्हा तिनं गल्लीच्या तोंडाशी नेऊन दोनदा स्कूटी परत वळवली, मी मागंच बसले होते. पूर्णिमाचे वडील आवाज न चढवता बोलले. "थाली पकड़ लेती तो क्या घिस जाता, मॅडम? उसूल आपका, और साल मेरी बेटी का." माझ्याकडे त्याच्यावर दहा उत्तरं होती. आत्या म्हणाली, "हाँ भैया. साल उसी का गया. मेरा कुछ नहीं गया." परत येताना मी तिच्यावर चिडले, तू त्यांचं काऊन ऐकून घेतलं, तुझी काय चूक होती? तिनं स्कूटी बाजूला घेतली. "ते खोटं बोलून राहिले होते का? तुम्ही लोक मोर्चा कहाडता अन् घोषना मोजता. मागं कोनाचा पाय चेंगरला ते बी पाह्यत जा."

ही तिची गोष्ट मी सगळ्यात जास्त सांगते, कारण इथं बहुतेक तत्त्ववादी लोक घरी जाऊन झोपतात. ती गेली नाही. कॉलेज सुटलं की पूर्णिमाला मागं बसवून ती औद्योगिक वसाहतीत एकेका फाउंड्रीच्या गेटवर जायची. कुणाची चिठ्ठी नाही, ओळख नाही. गेटवरचे विचारायचे, "किससे मिलना है?" आत्या म्हणायची, "जिसकी ढलाई ख़राब निकल रही है, उससे." बहुतेक ठिकाणी हाकललं. एका लहान फाउंड्रीच्या मालकानं पूर्णिमाची फाईल चाळली, ढलाईतल्या, म्हणजे ओतकामातल्या, भोकांबद्दल दोन प्रश्न विचारले आणि म्हणाला, वाळू तपासायला माझ्याकडे माणूस नाही, उद्यापासून येईल का? तिथंच पूर्णिमा आज शिफ्टची इन्चार्ज आहे. महिला कक्षही दोनेक वर्षांनी आत्याकडे परत आला, पुन्हा कुणालाच नको होता म्हणून. त्यानंतर तिच्या विभागात ताट कुणी पाहिलं नाही. पाहुणे यायचे, आपली खुर्ची आपण शोधायचे, आणि कुणाचंही काही बिघडायचं नाही.

मग तिची शोकसभा झाली. त्याच सभागृहात. पूर्णिमाला माजी विद्यार्थिनी म्हणून बोलायला बोलावलं होतं. आम्ही दोघी पोर्चमध्ये पोचलो आणि थबकलो. दारात दोन मुली. पांढऱ्या साड्या, हातात ताटं, ताटांत चंदन आणि गुलाबाच्या पाकळ्या. आत्याच्या शोकसभेला! एकीनं बोट चंदनात बुडवून पुढं केलं. "दीदी, तिलक..."

पूर्णिमानं मान मागं घेतली. "कौन-सा साल?"

"थर्ड ईयर, मेटलर्जी."

"तुम्हारी मॅडम थीं ना? तो अंदर क्यों नहीं हो?"

"ड्यूटी लगी है, दीदी."

"तुम दोनों पहले बैठो. मैं उसके बाद आऊँगी."

आतून एक प्राध्यापक आले. सगळे खोळंबलेत, चला म्हणाले. "मैं भी रुकी हूँ, सर," पूर्णिमा म्हणाली. माईकवर दोन मिनिटं मौन जाहीर झालं. आम्ही बाहेरच उभ्या. त्या मौनात पहिल्या मुलीनं ताट भिंतीशी जमिनीवर ठेवलं आणि आत जाऊन बसली. दुसरी हलली नाही. तिची नजर त्या सरांवर होती, ताट तसंच हातात. पूर्णिमा तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आत भाषणं झाली, पूर्णिमाचं नाव दोनदा पुकारलं गेलं. ती गेली नाही. सभा संपेपर्यंत दोघी दारात होत्या.

त्या दुसऱ्या मुलीला भित्री म्हणू नका. तिच्या प्रॅक्टिकलचे मार्क त्या सरांच्या हातात आहेत. आणि हे वाचणारे तुम्ही कुणी निवृत्त अधिकारी असाल, वकील असाल, डॉक्टर असाल, लेखक असाल. पुढच्या महिन्यात कुठल्यातरी कॉलेजचं बोलावणं तुम्हाला येईलच. होकार देण्याआधी एक फोन करा. विचारा, दारात कोण उभं राहणार आहे? आणि सांगा की मुली आत बसल्या म्हणजेच मी येईन. एवढं त्या मुलीनं बोललं तर तिचे मार्क जाऊ शकतात. तुम्ही बोललात तर तुमचं काहीच जात नाही. म्हणून तो फोन तिनं नाही, तुम्ही करायचा आहे.