व्याह्यांचं दक्षिण ध्रुवावरचं घमेलं

दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाला तडा गेला हे ऐकून घमेलं शोधायला उठणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा असावा, हा माझ्यावर झालेला उघड अन्याय आहे. दुसरा कोणी असता तर मी त्याला फाटकातूनच परत पाठवला असता. पण आपण पडलो मुलीकडचे. त्यामुळे महिन्यातून एकदा, दुपारी साडेबाराला, नागावातली सज्जन माणसं जेवून आडवी व्हायच्या तयारीत असताना, आमच्या ओटीवर हवा, बर्फ आणि समुद्र यांच्या आपसातल्या भानगडी सुरू होतात. बोलणारे शास्त्रज्ञ युरोपातले. तिकडे त्यांची सकाळ असते, नाश्ता झालेला असतो, त्यांचं काय जातंय.

व्याह्यांचं गाव खाडीकाठी, आमच्यापासून स्कूटरने अर्ध्या तासावर. तिथे फोन कसाबसा लागतो, पण त्यावरचं चित्र हलत नाही. आम्ही पर्यटकांना खोल्या देतो म्हणून आमच्याकडे वायफाय, आणि मी जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं म्हणून दुभाषाही घरचाच. ही सगळी करणी पुण्याच्या एका संशोधक मुलीची. ती खाडीचं पाणी मोजायला आली होती, व्याह्यांकडे तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण जेवली आणि जाताना त्यांचं नाव या ऑनलाइन सेमिनारच्या यादीत घालून गेली. कालवण आवडलं तर माणसाने नुसतं छान झालंय म्हणावं.

तेव्हापासून हे येतात. वर इस्त्रीचा शर्ट, खाली टॉवेल, कारण "क्यामेऱ्यात खालचा दिसत न्हाय." लॅपटॉपसमोर बसण्याआधी चपला काढतात आणि पडद्यावरच्या प्रत्येक चौकोनाला वेगळा नमस्कार करतात. सोबत जिताडा आणतात, त्यामुळे माझी बायको पूर्णपणे त्यांच्या बाजूची. एकदा एका पाहुण्या जोडप्याने तक्रार केली की आम्ही इथे समुद्राचा आवाज ऐकायला आलो होतो. व्याही त्यांना म्हणाले, "समुद्राचाच विषय चाललाय, बसा." आणि ती दोघं खरोखरच तासभर बसली.

आता त्या घमेल्याचं सांगतो. व्याह्यांची भातशेती भरतीच्या पातळीच्या खाली आहे आणि खाडी आणि शेत यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध. उधाणात बांध फुटला की त्या भगदाडाला खांड म्हणतात. गावाचा जुना रिवाज असा, की ज्याला खांड दिसेल त्याने हाळी द्यायची आणि स्वतः तिच्यात उभं राहायचं. ज्याच्या कानावर हाळी पडेल त्याने "आलो" म्हणायचं आणि हातातलं काम टाकून घमेलं घेऊन निघायचं. ऐकूनही जो गेला नाही, त्याच्या घरी पूर्वी कोणी पाणी पीत नसे.

पहिल्याच सेमिनारला एका गृहस्थांनी दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाच्या कड्याचं चित्र दाखवलं. कड्याला तडा गेला आहे, खालून समुद्र आत शिरतो आहे, असं ते म्हणाले आणि मी भाबडेपणाने ते भाषांतर करून सांगितलं. व्याही ताडकन उठले, माइकचं बटण दाबलं आणि गरजले, "आलो." पडद्यावरून कोणीतरी विचारलं, आपला काही प्रश्न आहे का? व्याही तीस वर्षं कारखान्यात फिटर होते, तेवढ्यापुरतं इंग्रजी त्यांना येतं. "कमिंग सर. लीकेज कुठं?" मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

पण खरा भडका उडाला तो शेवटी. सगळ्यांनी एकमेकांचे आभार मानले आणि एकेक चौकोन काळा झाला.

"गेले?"

"सेमिनार संपला."

"खांड सांगितली आन् गेले? च्या प्यायला?"

मी समजावलं की ते शास्त्रज्ञ आहेत, सांगणं एवढंच त्यांचं काम. "मंग उभं कोन ऱ्हानार?" हे त्यांनी मला असं विचारलं, जणू ती माणसं मीच हुसकावून लावली होती. त्या दिवशीची माझी झोप बुडाली ती बुडालीच.

त्यांचा स्वतःचा प्रश्न दर वेळी एकच असतो. यंदा बांधावर किती वीत माती टाकू? मी त्याचं सभ्य इंग्रजी करतो. उत्तर येतं की कमीत कमी इतकी, जास्तीत जास्त तितकी, जग कसं वागतं त्यावर अवलंबून. "कमीत कमी आन् जास्तीत जास्त यांच्या मधी आपली शेती हाय," व्याही मला सुनावतात. एकदा मी शास्त्रज्ञांची बाजू घेतली, तर माझ्यावरच घसरले. "तुमी त्यातलेच. लेक दिलीत बांधाच्या आत. बांध कदी बघितलात?"

मला भयंकर राग आला. मी खरंच बघितला नव्हता, म्हणून जास्त आला.

बांधावर आता येतं कोण? निम्म्यांनी शेतं विकली, तिथे भराव टाकून बंगले झाले. तरणी माणसं मुंबईत नाहीतर कंपनीत पाळीवर, त्यात आमचे जावईही. हाळी दिली तर दोन म्हातारे येतात. त्यातल्या एकाला ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला पळताना बघून निघतो. एक दिवस आपण खांडीत उभे राहू आणि कोणीच येणार नाही, ही व्याह्यांची भीती. ते ती बोलून दाखवत नाहीत, युरोपावर ओरडतात.

श्रावणातल्या अमावास्येला सेमिनार होता आणि व्याही आले नाहीत. मी खुशाल आडवं व्हायला हवं होतं. पण हात आपोआप लॅपटॉपकडे गेला. पुण्याच्या मुलीने मराठीत विचारलं, "काका नाही आले?" आणि तेवढ्यात फोन वाजला. वारा, पाणी आणि व्याह्यांचा आवाज. "खांड." एवढंच. या नाही, मदत करा नाही. मला रक्तदाब आहे, गुडघा दुखतो, फावडं मी जन्मात धरलेलं नाही. मी म्हणालो, "आलो." माइक चालू होता, हे मला दारात चपला घालताना कळलं.

व्याही छातीभर पाण्यात उभे होते. शेजारी माझी लेक, कमरेपर्यंत चिखलात, मातीने भरलेली पोती त्यांच्याकडे सरकवत होती. मागे ते दोन म्हातारे. मला बघून व्याही म्हणाले, "उशीर केलात. घमेलं कुठाय?" मी रिकाम्या हाताने गेलो होतो. लेकीने तिचं मला दिलं. माझ्या घमेल्यातली अर्धी माती वाटेतच सांडत होती, उरलेली अर्धी व्याही पोत्यांच्या फटीत दाबत होते. दोनच्या सुमारास ओहोटी लागली आणि पोती जागची हलली नाहीत. मी लेकीला फोन लावायला सांगितलं आणि बायकोला कळवलं.

घरी आलो तर बायको लॅपटॉपपाशीच बसलेली. "तुम्ही पळालात, मी त्या पुण्याच्या मुलीला खांडीचं सांगितलं, तिने सगळ्यांना. मग भाषणच थांबलं. पाच-सहा जण तर तुमचा फोन येईपर्यंत हलले नाहीत. मी आपलं त्यांना जेवलात का विचारलं."

मी हे व्याह्यांना फोनवर सांगितलं.

"बसले व्हते?"

"हो."

"मंग एकानं तरी घमेलं आनायचं," ते म्हणाले. पण बसलेले पाच होते की सहा, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

आता सेमिनार संपून सगळे आभार मानतात तेव्हा व्याही उठत नाहीत. शेवटचा चौकोन काळा होईपर्यंत हात जोडून बसतात. बांधावरूनही शेवटचा माणूस उतरल्यावरच ते उतरतात. माझं जेवण गार होतं, झोप जाते, आणि माझ्या स्कूटरला एक घमेलं बांधलेलं असतं, ज्याबद्दल पर्यटक वाटेल ते विचारतात.

परवा ते काळ्या पडद्याकडे बघत म्हणाले, "व्याही, हाळी आता पयल्यासारकी मोठ्यानं जात न्हाय माझी. नागावला ऐकू येईल ना?"

"न यायला काय झालंय," मी चिडून म्हणालो. मग मीही तिथेच बसून राहिलो.